टीएमसीच्या काठावर तीन रात्री

जुलै-ऑगस्टात सांगलीत कुणी कुणाला 'जेवलास का' विचारत नाही, 'कोयना किती झालं?' विचारतात. पानटपरीवरचा पोरगासुद्धा चुना लावता लावता सांगतो, धरणात इतके टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट पाणी), आवक इतकी, सहा वक्र दरवाजे इतक्या फुटांनी वर. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या कर्नाळ रोडच्या घरात ते खिडकीच्या वरच्या गजापर्यंत चढलं आणि आठ दिवस मुक्काम करून गेलं. त्यात कोयनेचं किती, पावसाचं किती, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचं किती, यावर कट्ट्यावर अजून भांडणं होतात. मला त्यात पडायचं नाही. मला खटकायचं ते वेगळंच. ज्या पाण्याचे आकडे मी जन्मभर पाठ म्हणत आलो, ते मी कधी नीट बघितलंच नव्हतं. शाळेच्या सहलीत धरणाची भिंत बघितली, डबा खाल्ला, परत आलो. भिंतीमागचं पन्नासेक किलोमीटरचं तळं राहूनच गेलं.

दुसरं निमित्त माझा वर्गमित्र. तो अमेरिकेत मिनेसोटात असतो. तिकडे पार उत्तरेला, कॅनडाच्या सीमेलगत, हजाराहून जास्त तळ्यांचं एक राखीव रान आहे. दर ऑक्टोबरात, झाडं पिवळी पडली की, हा बाबा एकटा वल्ह्याची होडी घेऊन तिथे चार-पाच दिवस राहून येतो आणि मला फोटो पाठवतो. त्या रानाला कायद्याने 'वाइल्डरनेस'चा दर्जा मिळाला १९६४ साली. आपलं कोयनेचं धरण पुरं झालं तेही १९६४ सालीच. त्याला फोनवर म्हटलं, तुझी तळी तुला लखलाभ, माझं मी बघतो. बोलून बसलो आणि मग जाणं आलं.

दिवस पहिला

तुळशीची लग्नं उरकली होती. मुद्दाम कार्तिक वद्य दशमी धरली, म्हणजे रात्री अंधाऱ्या मिळतील. सांगली-पेठ रस्ता पाठीला लागला तेवढाच लागला, कऱ्हाडला चहा, साडेदहाला सातारा. स्टँडवर अर्धा किलो कंदी पेढे घेतले, कारण ज्यांच्या रानात राहायचं त्यांच्या दारात रिकाम्या हाताने कसं जायचं. आमच्या ऑफिसातल्या शिपाईमामांचे मेहुणे बामणोलीच्या बाजूला राहतात. तळ्याकाठी त्यांचं स्वतःच्या मालकीचं रान आहे. ही ओळख नसती तर मी गेलो नसतो. पलीकडचा काठ अभयारण्याचा आहे. कोयना अभयारण्य १९८५ साली झालं, पुढे चांदोलीसह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. तिथे तंबू ठोकायचा नाही, वासोटा किल्ल्यावरही रात्री थांबू देत नाहीत. अलीकडच्या काठाला पैसे देऊन राहायचे तंबू रग्गड आहेत, पण तिथे रात्री बारापर्यंत स्पीकर चालतो.

यवतेश्वरचा घाट चढून एसटी कासला आली. सप्टेंबरात जिथे मुंगीला जागा नसते तिथे एक गुराखी आणि त्याच्या म्हशी. फुलं कधीच संपलेली, पठार गव्हाळ झालेलं, वाऱ्यात नुसतं सुकं गवत खसखसत होतं. मला ते तसंच जास्त आवडलं. पुढचा उतार संपता संपता वळणावर पहिल्यांदा पाणी दिसलं आणि मी बसमध्ये उभाच राहिलो. कंडक्टर म्हणाले, "बसा पाव्हणं, पळून जात न्हाय ते."

बामणोलीच्या धक्क्यावरून लाँच. इथली माणसं बोट म्हणत नाहीत, लाँच म्हणतात, बोट पर्यटकांची. लाँचमध्ये दोन गॅस सिलिंडर, एक कोंबडी, युरियाची तीन पोती, मुंबईहून आलेली एक सून आणि मी. माझी पाठपिशवी बघून एकजण म्हणाला, "कितीजण हायसा?" एकटाच म्हटल्यावर सगळी लाँच माझ्याकडे बघायला लागली. "भांडण झालंय का घरात?" सुनेनं अगदी काळजीनं विचारलं. वाडीचं नाव मी लिहीत नाही, त्यांना गर्दी नको आहे.

शिपाईमामांचे मेहुणे म्हणजे आबा, सत्तरी ओलांडलेले, डोक्याला टॉवेल, हातात कोयता. पेढे आजींच्या हातात दिले. मग जागा बघायला उतरलो. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, प्रत्येकाला दगडी बांध, भात नुकतंच कापलेलं. अगदी पाण्याशेजारची सपाट पायरी बघून मी खूष झालो. आबांनी मान हलवली.

"हितं नको. गव्याची वाट हाय ही. पान्याला येत्यात."

"मग वर?"

"एक टेप वर जा. जांभळीच्या बाजूला. आन रातीला काय आलं तरी बॅटरी मारायची न्हाय, उठायचं न्हाय."

तंबू भाड्याचा. त्याचे दांडे खोलून बघितले तर एकाचं टोक फुटलेलं. देताना दुकानदार 'एकदम ओके' म्हणाला होता. आबांनी कारवीची एक काठी तासून आत सरकवली आणि वर सुतळी गुंडाळली. अजून ती तशीच आहे, परत करताना मी काढून घेतली नाही, दुकानदाराने बघितलीही नाही.

संध्याकाळी सहाला बायकोला फोन करायचा, ही अट घालूनच सुटका झाली होती. खाली काठाला रेंज शून्य. वाडीच्या वर एक मोठा काळा दगड आहे, त्याला सगळे 'रेंजचा दगड' म्हणतात. तिथे एकजण आधीच उभा राहून वाशीच्या मार्केटात माथाडी असलेल्या पोराशी बोलत होता. नंबर लागायचा. माझा नंबर आला, एक काडी रेंज, "आहे मी, बरा आहे," एवढं बोललो आणि तुटला.

मेतकूट-भात, शेंगदाण्याची चटणी, वर मूठभर भडंग. आठ वाजता झोपायला गेलो. ज्या शांततेसाठी गेलो होतो ती साडेआठला सुरू झाली आणि मला अजिबात झोप येईना. पाणी काठाला लागतं त्याचा आवाज मी संथ असेल समजत होतो. तो संथ नसतो, कुणीतरी जवळच ताक प्यावं तसा असतो. दर पाच मिनिटांनी मला वाटायचं कुणीतरी आलंय.

दिवस दुसरा

पहाटे कपाळावर थेंब पडला. मग मानेवर. पाऊस म्हणून धडपडून बाहेर आलो तर वर आभाळ लख्ख. आत येऊन बॅटरी लावली तेव्हा कळलं. थंडी वाजते म्हणून मी तंबूच्या सगळ्या चेन गच्च लावल्या होत्या. रात्रभर जो श्वास सोडला तो कापडाच्या आतल्या बाजूला पाणी होऊन बसला होता, बारीक, मोहरीएवढे थेंब, ओळीत. तंबूला बोट लागलं की आठ-दहा एकत्र होऊन घरंगळायचे. एका माणसाच्या एका रात्रीच्या श्वासात एवढं पाणी असेल याची मला कल्पना नव्हती. स्लीपिंग बॅगचा पायाकडचा भाग चिंब. पुढच्या दोन रात्री वरची जाळी उघडी ठेवून, कानटोपी घालून झोपलो.

बाहेर तळं वाफाळत होतं. पाणी रात्रीच्या हवेपेक्षा ऊबदार, त्यामुळे धुकं वरून उतरत नव्हतं, पाण्यातूनच निघत होतं. पलीकडचा काठ नाहीसा झालेला. पण आवाज येत होते, पाण्यावरून सरळ, कानाशी बोलल्यासारखे. रानकोंबड्याची तुटक बांग, मग एक भेकर भुंकलं, कुत्र्यासारखं पण घोगरं. सूर्य कड्यावरून आला तसं धुकं फाटत गेलं आणि आधी वासोट्याच्या बाजूची डोंगरकड दिसली, मग झाडी, सगळ्यात शेवटी पाणी.

चहा घेऊन बांधावर बसलो, पाय पाण्यात. तळं तुडुंब होतं. डावीकडे बघत असताना लक्षात आलं की मी ज्या बांधावर बसलो होतो तो पाण्यापाशी संपत नाही. तो सरळ पाण्यात उतरतो. पायाने चाचपलं तर खाली पुढचा दगड लागला, त्याच्या खाली पुढचा. रचलेले दगड, सांधे घट्ट. खाली आणखी एक पायरी असणार, तिच्याखाली आणखी एक. काल मी वर राहिलेल्या चार पायऱ्या बघून 'किती सुंदर रान' म्हणत होतो. तो जिन्याचा वरचा तुकडा होता.

दुपारी आजींनी नाचणीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा पाठवला, मागून स्वतःही आल्या. पेढे पोरांना वाटले म्हणून सांगितलं. मग माझ्या शेजारी बसून तळ्याकडे हात केला.

"आमचं म्हायार तिकडं. त्या दोन सोंडा दिसत्यात न्हवं, त्येच्या मधी. आता वरनं लाँच जाती."

"तुम्ही केवढ्या होता?"

"सात-आठ वर्साची आसंन. मानसं म्हनायची, सरकार सांगतंय पानी येनार. म्हातारी म्हनायची, पानी डोंगरावर चढतं व्हय कधी? आन चढलं. एकदम न्हाय. पयल्या साली खालची भाताची खाचरं गेली. मग देवळाचा पार. मग एक दिस उंबऱ्याला लागलं. आईनं चूल इझवली आन निघालो."

सामान काय नेलं विचारलं. भांडी, गुरं, दाराच्या चौकटी. जातं नेता आलं नाही, फार जड होतं. काही घरं सोलापूरकडे, काही सांगलीकडे, काही कोकणात गेली, यांची मंडळी नुसतीच डोंगरात वर सरकली. थोडी स्थिरावली तोवर भूकंप. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. आजींना तारीख ठाऊक नव्हती, त्यांना एवढंच आठवत होतं की गोठ्यातली गुरं आधी ओरडली.

"साप, उंदीर, इंगळ्या समदी पळत वर आली पान्याच्या म्होरं. एकाच दगडावर साप आन उंदीर. कुनी कुनाला खाईना."

मी म्हटलं, आमच्याकडेही पुरात तसंच झालं. माळ्यावर आम्ही चौघं, शेजाऱ्यांचं मांजर आणि गल्लीतलं एक कुत्रं, आणि दोघांचं दोन दिवस अगदी गूळपीठ.

"तुमच्यात किती दिस व्हतं पानी?"

"आठ."

"मग गेलं न्हवं?"

"गेलं."

"मग बरं," आजी म्हणाल्या आणि भाकरीचं फडकं झटकून उठल्या.

मी कितीतरी वेळ त्या दोन सोंडांच्या मधे बघत बसलो. तिथे एक पाणकावळा बुडी मारून लांब कुठेतरी वर यायचा. पलीकडच्या अभयारण्यातही अशी ओस पडलेली गावं आहेत, काही पाण्यामुळे उठलेली, काही नंतर जंगलासाठी उठवलेली. दाट झाडीत मधेच आंब्यांची सरळ ओळ दिसली तर ती कुणीतरी लावलेली असते.

रात्री दीडच्या सुमारास जाग आली ती आवाजाने. 'फुस्स' असा मोठा श्वास, मग गवत उपटल्याचा कर्रकर्र आवाज, मग परत श्वास. तंबूपासून किती लांब? दहा पावलं असेल, पाच असेल. उजव्या पोटरीत गोळा आला होता आणि मला पाय लांब करायची हिंमत होईना. कापडाला माणूस भिंत समजतो, त्या वेळी ते कापड किती पातळ आहे हे अंगाला कळलं. वास आला, गोठ्याचा, पण जास्त उग्र. आणि मग टुणकन दोरी वाजली आणि सगळा तंबू माझ्याकडे कलला. त्यालाही ते आवडलं नसावं. जोरात फुस्कारला, दगड गडगडले, दडदड करत खाली पाण्याकडे गेला. मी मारुती स्तोत्र म्हणायला लागलो तर मधेच अडकलो. पहिलीपासून पाठ आहे.

दिवस तिसरा

सकाळी बघितलं, एक खुंटी उपटून हातभर लांब पडलेली आणि ओल्या मातीत खुराचा ठसा. माझा तळवा त्यात मावला. आबांना बोलावून दाखवलं आणि जरा तक्रारीच्या सुरातच म्हटलं, आबा, मी तर तुम्ही सांगितल्यावर जागा बदलली होती.

"व्हय, पर त्यास्नी कुनी सांगितलं न्हवतं ना."

मग स्वतःच म्हणाले, एकलगा असणार, कळपातून फुटलेला. वरच्या रानात नाचणी उभी आहे, तिच्या वासाने येतो. आबा महिनाभर माचावर झोपून राखण करतायत. माझ्या एका रात्रीचं मी कौतुक सांगत होतो.

आज काहीही करायचं नाही असं ठरवलं होतं. वासोटाही नाही. लाँचनं पलीकडे जायचं, मेट इंदवलीला वनखात्याच्या चौकीत पिशव्या उघडून प्लास्टिक मोजून द्यायचं, मग चढ. खरं सांगायचं तर परवा धक्क्यावर कोल्हापूरचे बाराजण ढोल घेऊन वासोट्याच्या लाँचमध्ये चढताना बघून माझा उत्साह गेला होता.

काहीही न करणं सकाळी दहापर्यंत छान वाटलं. अकराला मी तंबू झाडला. साडेअकराला परत झाडला. दुपारी सरळ कंटाळा आला, बँकेच्या रांगेत येतो तसला. एकटं राहण्याच्या फोटोंमध्ये ही दुपार कधी दिसत नाही. मित्राला नंतर विचारलं तर म्हणाला, मलाही येतो, मी लाकडं फोडतो. मी काय फोडणार? बांधावर बसून वाळकी पानं पाण्यात सोडत बसलो आणि सवयीने हिशेब सुरू झाला. या तळ्यात १०५ टीएमसी मावतं. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. त्यातलं ६७.५ टीएमसी पश्चिमेला वळवायला कृष्णा पाणीतंटा लवादाची परवानगी आहे. ते बोगद्यातून पोफळीला उतरतं, वीज करतं, वाशिष्ठीतून चिपळूणवरून अरबी समुद्रात जातं. उरलेलं भिंतीखालून कऱ्हाडला कृष्णेला समोरासमोर भिडतं, आमच्या घाटावरून पुढे कर्नाटक, तेलंगण, आंध्र करत बंगालच्या उपसागराला मिळतं. माझं एक पान पश्चिमेला वाहत गेलं आणि एक तिथेच काठाला चिकटून बसलं. दोन्हींचा धरणाशी काही संबंध नव्हता, वाऱ्याचा होता.

मित्राची एक सूचना मी इमानेइतबारे पाळली होती. अन्न तंबूत ठेवायचं नाही, झाडाच्या फांदीला दोरीनं उंच, खोडापासून लांब टांगायचं, अस्वलासाठी. अस्वलं इकडेही आहेत, म्हणून मी पिशवी जांभळीला टांगली होती. तीन वाजता वरून खसखस ऐकू आली. वानरांची टोळी. एक मोठा नर दोरी हाताने ओढून, विहिरीतून कळशी काढावी तशी, पिशवी वर घेत होता. मी ओरडलो, टाळ्या वाजवल्या, दगड उचलला. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि गाठ दातानं सोडवली. झाडावर चढणं आणि दोरी ओढणं, इथल्या वानराला दोन्ही येतं. तासगावचे पाव किलो बेदाणे गेले, भडंग गेलं, भाजणी खाली सांडली. चटणीची पुडी तेवढी एका पोरानं फोडून, वास घेऊन, फेकून दिली. रात्री आजींकडे आमटी-भात जेवलो. आबा हसून हसून खोकायला लागले.

जेवून परत आलो आणि बॅटरी बंद केली. अंधार इतका की हात दिसेना. मग हळूहळू वरचं दिसायला लागलं. कृत्तिकांचा झुबका डोक्याकडे चढत होता, रोहिणी तांबूस, आणि पूर्वेच्या डोंगरावरून मृग आडवा होऊन वर येत होता. उत्तरेला शर्मिष्ठा, तिच्या बऱ्याच खाली, डोंगराला जेमतेम चुकवून ध्रुव. आपल्याकडे तो क्षितिजापासून सतरा-अठरा अंशच वर असतो. मित्राच्या तळ्यावर तो जवळजवळ अर्ध्या आभाळात चढलेला असणार. वारा पडला तसे पाण्यातही तारे दिसायला लागले, अगदी त्या दोन सोंडांच्या मधेसुद्धा. रातवा दूरवर ठोके दिल्यासारखा बोलत होता. गवा आला नाही. मी वाट बघत होतो हे कबूल करतो.

पहाटे तीनच्या पुढे जाग आली तेव्हा पूर्वेला चंद्राची बारीक कोर होती आणि धुकं सुरू झालं होतं.

दिवस चौथा

नऊची लाँच. तंबू ओलाच गुंडाळला, वजन दीडपट. आबांना पैसे देऊ केले, घेतले नाहीत. मग आजींच्या नातवाच्या हातात दिले, ते चालले. आजींनी किलोभर नाचणी बांधून दिली, वानराला देऊ नको म्हणाल्या.

धक्क्याकडे उतरताना मी विचारलं, ते जातं दिसतं का कधी?

"मे म्हैन्यात. पानी लई खाली गेलं तर. दोन सालामागं दिसलं व्हतं, निम्मं गाळात. वरची तळी कुनीतरी फिरीवली बी, फिरली."

मी येतो म्हटलं. आबांनी वरपासून खालपर्यंत माझ्याकडे बघितलं आणि पायातल्या सँडलवर नजर थांबवली. तेव्हा लाँच इथवर येत नाही, म्हणाले, पार मधे थांबते, तिथून अर्धा तास गाळातून चालत यावं लागतं. चप्पल-बूट काही घालायचं नाही, रुतून बसतं आणि पाय तेवढा वर येतो. अनवाणी यायचं, आणि काठी घेऊन.